खालाच्या घरचा शोरवा

आमच्या बाला, म्हणजे वडलांना, एकाच वर्षात दोन गोष्टी नव्या मिळाल्या, धर्म आणि राज्य. धर्म त्यांनी स्वतः निवडला होता, राज्य सरकारनं दिलं. दोन्हींबद्दल लोक त्यांना येऊन काय काय विचारायचे आणि बा कधी अडखळायचे नाहीत. त्यांना उत्तर येत नाही असा प्रश्न असू शकतो, हे तेरा वर्षांची होईपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

काचीगुडा स्टेशनच्या मागे आमची गल्ली होती. नऊ घरं, सगळी नांदेड-परभणीकडून पोटासाठी आलेली. बा सरकारी कचेरीत दफ्तरी होते, म्हणजे कागदांचे गठ्ठे कापडात बांधून फडताळात लावायचे. निजामाच्या जुन्या राज्याचे भाषेवार तीन तुकडे झाले तसे कागदांचेही तीन ढीग करायचं काम त्यांच्याकडे आलं. तेलुगू मुलुख इकडे, कानडी तिकडे, मराठी मुंबई राज्याला. आमचाही गठ्ठा बांधला जाणार होता. बाची नेमणूक औरंगाबादला झाली होती, पण जायची तारीख दर महिन्याला पुढे सरकायची. घरात अर्धं सामान बांधलेलं आणि अर्धं उघडं. माय पोळपाट शोधायला लागली की तो नेमका बांधलेल्यात निघायचा, आणि मग बाचा उद्धार व्हायचा.

राज्य मोडलं त्याच्या थोडंच आधी बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. गल्लीतून गेलेले ते एकटेच. परत आल्यावर त्यांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि पाच शीलं म्हणून घेतली. बाचं शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळे पालीतले ते शब्द त्यांनी वहीत उर्दूत लिहून आणले होते, आणि ते उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचायचे. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, वाईट वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. सगळे त्यांच्यामागे म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, "मंग मच्छी-मटनाचं कसं?"

बा एक क्षणही थांबले नाहीत. "जीव घ्यायचा न्हाई म्हनल्यावर खायचा कसा? इचारायचं काय त्यात?"

झालं. त्या संध्याकाळी नऊ घरांतून सुकटीची मडकी बाहेर आली. आमच्या मायनं तर बोंबलाचा वास जावा म्हणून फळी राखेनं घासली. मायला मासळीचं भारी वेड होतं, आणि म्हणूनच ती सगळ्यात कडक झाली. बाला जमेल तितकं जमेल, आपण मात्र शब्दाला पक्कं राहायचं, असा तिचा स्वभाव. पण गल्लीत खरं कौतुक झालं ते टोकाच्या घरातल्या आजाचं. आजा कुणाचा सख्खा आजा नव्हता, सगळ्या गल्लीचाच होता. रेल्वेच्या रुळावर जन्म घालवलेला माणूस, संध्याकाळी शिंदीच्या दुकानावरून उचलून आणावा लागायचा. त्यानं एका दिवसात शिंदी सोडली आणि मच्छीही सोडली. बाला म्हणाला, "तू म्हनलास, म्या सोडली." त्याची बायको, आमची आजी, त्या आठवड्यात सारखी रडत होती, आनंदानं.

पुढच्या उन्हाळ्यात शहरात ताप आला. फ्लू हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. घराघरात माणसं आडवी झाली. मलाही आला, बालाही आला, चार दिवसांत गेला. मायचाही गेला, पण माय उठली नाही. पंधरा दिवस झाले तरी ती अंथरुणावरच. दंडाचं मांस उतरलेलं, न्हाणीपर्यंत न्यायचं तर मी एका बाजूला आणि बा दुसऱ्या बाजूला. दूध दिलं की उलटायचं. डाळीचं पाणी दोन चमचे, मग मान फिरवायची. घरात सदा कडाडणारी बाई हळू आवाजात बोलायला लागली. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

चौकातले डॉक्टर तेलुगू होते, पण बोलायचे दखनीत. त्यांनी मायची बोटं दाबून पाहिली, डोळे पाहिले, आणि बाला बाहेर घेऊन म्हणाले, "इस बुखार की दवा हमारे पास नै है, वो अपने आप उतरता. उतर गया. मगर लड़ने में बदन खर्च हो गया ना. उसकू प्रोटीन होना. दूध पचरा नै तो मच्छी देओ. मरल लाओ, हल्की रहती, बीमार कू पचती." मग मायकडे एकदा पाहून पुन्हा म्हणाले, "ऐसाच चला तो मुश्किल है."

ते 'मुश्किल' मी दाराआडून ऐकलं.

बा पहिल्यांदाच अडखळले. "मच्छी हमारे में चलती नै," एवढंच म्हणाले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले, कारण याच बानं दोन वर्षांपूर्वी त्यांना मरळीच्या कालवणावर जेवायला बोलावलं होतं.

प्रोटीन हे एखादं औषध असावं आणि ते बाटलीत मिळत असावं, असा बाचा समज झाला. डॉक्टर खाणंच आहे म्हणत होते तरी ते आबिड्सच्या बाजारात चालत गेले, मोठ्या दुकानात गेले, आणि प्रोटीन मागितलं. दुकानदारानं एक बाटली काढून दिली. तिच्यावर माशाचं चित्र होतं. बा तसेच रिकाम्या हातांनी परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. मला हसूही आलं आणि बाचा रागही आला. राग जास्त.

मग गल्लीत चर्चा सुरू झाली. अंडं चालेल का? अंड्यात जीव असतो की नसतो? कुणी म्हणे असतो, कुणी म्हणे उबवल्यावर येतो. दुसऱ्यानं मारलेलं चालतं का? मग खाटकाचंही चाललं असतं, मग आपण सुकट कशाला फेकली? प्रत्येक जण शेवटी बाच्या तोंडाकडे बघायचा. विचारायला जवळपास कुणी भंते नव्हते, कुणाकडे पुस्तक नव्हतं. बानं नागपूरला ओळख झालेल्या एका गृहस्थांना कार्ड टाकलं, 'आजाऱ्यास मासे चालतात किंवा कसे.' आणि उत्तर येईपर्यंत जे आहे ते तसंच राहील, असं जाहीर करून टाकलं. मी मायलाही विचारलं. तिनं डोळे मिटूनच सांगितलं, "म्या शबूद दिलाय, पोरी. तुझ्या बाचं तोंड खाली घालायला लावू का मी?"

म्हणजे बा मायकडे बघून अडले होते, माय बाकडे बघून, आणि गल्ली दोघांकडे बघून. यातलं कोण बरोबर, हे मला कळेना. शील मोडलं तर काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं. माय मेली तर काय होईल ते मात्र मला चांगलं कळत होतं.

आमच्या नऊ घरांच्या अलीकडे, गल्लीच्या तोंडाशी खाला राहायची. एकटी, म्हातारी मुसलमान बाई, शिवणकाम करायची. तिच्या घराला दीक्षा नव्हती, त्यामुळे तिच्याकडे मच्छी शिजायची आणि आम्ही सगळे तिच्या दारावरून जाताना उगाच हळू चालायचो. मी तिच्याकडे जाऊन रडले. तिनं सगळं ऐकून घेतलं, मशीनचं चाक थांबवलं आणि म्हणाली, "कसम-विसम का मेरेकू नै मालूम, बेटा. बीमार कू खिलाना सवाब है, इत्ता मालूम है." सवाब म्हणजे पुण्य, ते मला माहीत होतं.

"लेकिन माँ पीती नै, खाला."

"मच्छी बोलेगी तो नै पीती. खट्टा बोल. इमली का खट्टा."

दुसऱ्या दिवशी तिनं कोळिणीकडून मरळ घेतली. कोळीण टोपलीत पाणी घालून जिवंत मासे आणायची, तेलुगूत ओरडायची, "कोर्रमेनु!" कोळिणीनंच मासा मारला, राखेनं चोळून साफ केला. मी तोंड फिरवून उभी होते, पण ऐकू यायचं ते आलंच. खालानं त्याचा पातळ शोरवा केला, चिंच मोप, लसूण ठेचून, आणि फडक्यातून गाळून वाटीत घातला. ती कडांना चेपलेली पितळी वाटी माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. मी ती ओढणीखाली झाकून आणली.

मायनं वाटीकडे पाहिलं. "कशाचं हाय?"

"चिंचेचं खट्टं. खालानं दिलं."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग प्यायली, अर्धी वाटी. उलटलं नाही.

त्या तापात लोकांच्या तोंडाची चव आणि नाकाचा वास जायचा, माझाही गेला होता. मी स्वतःला समजावलं की मायला कळत नसणार. रात्री झोपताना मात्र मी शीलं बोटांवर मोजायची. चौथं शील काय? खोटं बोलणार नाही. मायचं पहिलं शील तिला न सांगता मोडायचं, तर त्यासाठी मी माझं चौथं रोज मोडायचं. पहिलं मोठं की चौथं मोठं? ते ओळीनं ठेवलेत ते मोठ्यापासून लहान असे ठेवलेत का? हे बाला विचारायची सोय नव्हती.

रोज दुपारी ती वाटी, रोज तोच प्रश्न, "कशाचं हाय?" आणि तेच उत्तर. पाचव्या दिवसापासून खालानं मासा कुस्करून भातात कालवून दिला. मी सांगितलं, खट्ट्यात भात कुस्करलाय. मायनं खाल्ला. आठव्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, केसांचं काय पाखराचं घरटं केलंयस, तेल आण. ती रागावली म्हणून मी आनंदानं तेल आणायला धावले.

मासळीनंच ती उठली असं मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. डॉक्टरही म्हणायचे, दवा नै, खाना है. दिवस गेले, खालाच्या हाताला गुण होता, चिंचेनं तोंडाला चव आली, काय म्हणाल ते म्हणा. पण दंडाला मूठभर मांस धरलेलं मी माझ्या हातानं चाचपलंय.

त्याच दिवसांत आजाला ताप आला.

मी संध्याकाळी त्याच्याकडे जायची. त्याला शीलं पाठ होत नसत म्हणून तो माझ्याकडून म्हणून घ्यायचा, आणि पाचवं आलं की शिंदीच्या आठवणीनं स्वतःच हसायचा. तापात त्याला धड हसताही येईना. त्याचंही मायसारखंच, ताप उतरला आणि माणूस खाटेला चिकटला. आजी दुधात भाकरी कुस्करून द्यायची, ती तशीच राहायची. डॉक्टर त्याच्याकडेही येऊन गेले. त्यालाही तेच सांगून गेले.

एकदा मी त्याच्याजवळ बसले असताना त्यानं नाक वर केलं. "खालाच्या घरून वास येतूय बघ. मरळ हाय. रोज करायलीय की म्हातारी."

मी म्हणाले, "हां, करते ती."

"ब्येस असतंय ते," आजा म्हणाला. एवढंच. आणि मला म्हणाला, म्हण पहिल्यापासून. मी शीलं म्हटली. माझ्या ओढणीला तेव्हाही लसणाचा वास होता.

मला वाटलं होतं सांगावं. तसं वाटलं नाही असं कसं म्हणू? पण सांगितलं असतं तर आजी बाला विचारायला आली असती. मग मायला कळलं असतं, आणि माय जेवायची बंद झाली असती. आजा म्हातारा, पण काटक. कार्डाचं उत्तर उद्या-परवा येईल, मग तोही खाईल. असं मी ठरवून टाकलं. तेरा वर्षांची पोर काय काय ठरवते.

चार दिवसांनी सकाळी आजा गेला.

डॉक्टर म्हणाले, उमर थी. बानं नदीकाठी शीलं म्हटली आणि ते पहिल्यावरच थांबले. त्यांनी वहीत बोट ठेवलं, तरी पुढे जाईनात. घरी येऊन ते मायजवळ बसले आणि म्हणाले, "त्यानं माझ्यामुळं सोडली व्हती." माय त्या दिवशी स्वतःच्या पायांनी न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

नागपूरहून उत्तर आलं ते पुढे, आम्ही औरंगाबादला गेल्यावर, पत्ता बदलून फिरत फिरत. आजाऱ्यानं खायला हरकत नाही, आणि अशी शंका का यावी ते समजलं नाही, असं त्या सद्‌गृहस्थांनी लिहिलं होतं. बानं ते कार्ड दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. पण तोवर मायनं उत्तराची वाट बघायची सोडून दिली होती.

आजाला जाऊन तीन दिवस झाले असतील. माय सकाळी उठली, लुगडं नीट नेसली आणि मला म्हणाली, "चल." दर वीस पावलांवर थांबत आम्ही गौलीगुड्याच्या बाजारात गेलो. तिनं मोठी मरळ निवडली, कोळिणीकडून साफ करून घेतली. मी पिशवी पुढे केली तर तिनं ती घेतली नाही. कल्ल्यातून सुतळी ओवून घेतली आणि मासा तसाच हातात लटकवून, उघडा, ती गल्लीत शिरली. त्या दिवशी आमची गल्ली मला कधी नव्हे इतकी लांब वाटली. बायका दारात आल्या. बा कामावर निघाले होते, ते ओट्यावर थबकले.

"अगं, लोक..." ते म्हणाले.

"लोकांसाठीच आणलीया," माय म्हणाली आणि चुलीपाशी बसली.

मसाला वाटायची ताकद तिच्यात नव्हती, तो मी वाटला. कालवण झाल्यावर तिनं खालाची चेपलेली वाटी काढली. परत द्यायची म्हणून मी ती कोनाड्यात धुऊन ठेवली होती. तिच्यात माशाचे मोठे तुकडे घातले, वर भात, आणि आम्ही टोकाच्या घरी गेलो. बा मागून आले. न बोलावता अजून चार माणसं आली.

आजीही तापातून उठलेली, भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे. मायनं वाटी तिच्या पुढ्यात ठेवली.

आजीनं वाकून वास घेतला. मग बाकडे पाहिलं. "चालतं का?"

बा मायकडे बघायला लागले. माय म्हणाली, "म्या खाल्लीया. पंधरा दिस खातेय. ही पोरगी आणायची, मी खायची. ती म्हनायची चिंचेचं खट्टं हाय, आन् मी मुकाट खायची."

माझे कान तापले. मायला सगळं ठाऊक होतं. पहिल्या वाटीपासून. रोजचं ते 'कशाचं हाय' मला खरं बोलायची संधी द्यायला होतं, की मी खोट्यावर ठाम आहे ना हे बघायला होतं, ते मी तिला पुढे कधी विचारू शकले नाही. तेव्हा एवढंच कळलं की शब्दाला पक्की राहणारी माझी माय जगण्यासाठी लबाडी करत होती आणि त्या लबाडीत मी एकटी नव्हते. मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला मला, त्या घरात, आजा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी.

आजीनं हात धुतला. भाताचा घास केला, पण तोंडाकडे नेला नाही. तिनं मायकडे पाहिलं नाही, बाकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं म्हणून ती विचारत होती.

"पोरी, तू तर रोज येत व्हतीस की आमच्याकडं. मंग म्हाताऱ्याला कामून न्हाई आणलीस?"

माय माझ्याकडे वळली आणि तिनं मान खाली घातली. मी आजीजवळ खाली बसले, वाटी माझ्याकडे ओढली आणि तिच्यासाठी काटे काढायला लागले. मरळीला काटे फारसे नसतात. तरी मी कितीतरी वेळ काढत बसले.